मेडशीतला शेजारनाच

नृत्याला जात नसते, धर्म नसतो, देश नसतो. नृत्य ही साऱ्या मानवजातीची एकच भाषा आहे. १९३६ सालच्या पोळ्यानंतर मेडशीच्या उकंडराव पाटलांनी हे वाक्य चावडीवर उच्चारलं, तेव्हा मंडळी गंभीर झाली. वाक्य वाशीमच्या वाचनालयातल्या एका मासिकातलं होतं. मासिक परत केलेलं नसल्यामुळे ते दुसऱ्या कोणी उच्चारण्याची भीती नव्हती.

मानवजातीचा एवढा उमाळा येण्याचं कारण साधं होतं. पाटलांनी गावाबाहेर सरकी काढण्याचं जिनिंग उभारलं होतं. उद्घाटनाला अकोल्याहून जिल्ह्याचे साहेब येणार होते, आणि साहेबांची मडम देशोदेशीचे लोकनाच वहीत टिपून घेते अशी पक्की खबर होती. मडम खूश तर साहेब खूश, साहेब खूश तर नव्या वर्षाच्या पदव्यांच्या यादीत ‘रावसाहेब’. पाटलांनी तशी पाटी रंगवूनही घेतली होती. ती बैठकीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून टांगलेली होती.

लेझीम दाखवण्यात अर्थ नव्हता. मागल्या साली शिरपूरवाल्यांनी दोन ताफे नाचवले, आणि त्यांना नुसता शेकहँड मिळाला होता.

हवा होता विलायती नाच, आणि तो शिकवणारा घरचाच होता. जिनिंगचं इंजिन चेकोस्लोवाकियातलं, ते बसवायला आलेला फिटरही तिथलाच. नाव यान. गावानं दोन दिवसांत त्याचा जानराव केला. अकोल्याच्या गिरण्यांत चार वर्षं काढल्यामुळे त्याला वऱ्हाडी येत होती. मराठी येत नव्हती. इंजिनाचा पट्टा मुंबईहून यायचा होता, तोवर तो संध्याकाळी कापसाच्या बोऱ्यावर बसून गळ्यात अडकवायची पेटी वाजवत असे.

“जानराव, तुमच्या मुलखात नाच असतेत का नाई?” पाटलांनी विचारलं.

“असतेत ना. आमचा हाना म्हणून भाग हाय. तिथं शेजाऱ्यांचा नाच हाय. म्हातारेबी नाचतेत. लय हळू हाय.”

“हळू असला तं मीबी नाचीन,” पाटील म्हणाले, आणि कार्यक्रम ठरला.

नाच म्हणून गावातली एकही बाई आली नसती. पाटलीणबाई मनकर्णाबाईंनी प्रत्येकीला नवं लुगडं कबूल केलं, तेव्हा सोळा जणी आल्या. सात घेतल्या. आठव्या स्वतः मनकर्णाबाई. पुरुष म्हणजे त्यांचेच नवरे, सगळे पाटलांच्याच भावकीतले.

पहिल्या दिवशी यानने जिनिंगच्या आवारात चुन्याचं रिंगण आखलं आणि ज्याच्या त्याच्या शेजारी ज्याची त्याची बायको उभी केली. हात हातात धरा म्हणाला. पुरुष छपरावरचे कवेलू मोजू लागले. बाया पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागल्या. पाटलांचा धाकटा भाऊ जगदेव तर बायकोपासून सरकत सरकत रिंगणाबाहेर गेला.

यानने बराच वेळ सगळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, “बरं. कडवं सरलं का बाईनं पुढच्या मानसापाशी जायचं. हातात हात नाई. दुपट्ट्याचं एक टोक त्यानं धरायचं, एक तिनं.”

एवढं सांगून त्याने पावलं शिकवायला घेतली. तीन ठोक्यांचा नाच, पहिलं पाऊल जड, पुढची दोन हलकी. ढोलकीवाला रूपला ते एका दुपारी उचलून मोकळा झाला. बायांना दोन दिवस लागले. पुरुषांना नऊ, कारण नांगरामागं चालणाऱ्या माणसाला हलकं पाऊल टाकण्याचं काम पडलेलं नसतं. त्यांची तिन्ही पावलं जड पडत आणि चुना उडे.

दहाव्या दिवशी बदल करून पाहिला, आणि मानवजातीची एकच भाषा तिथं बंद पडली. कडवं सरलं, जगदेवची बायको विजयमाला पुढं गेली, तर पुढं उकंडराव. नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे भासरा. भासऱ्याची सावलीसुद्धा अंगावर घ्यायची नसते. तिनं हनुवटीपर्यंत पदर ओढला आणि गर्रकन पाठ फिरवली. तिच्या मागची भासरा टाळायला थांबली, तिच्या मागची तिच्यावर आदळली.

“असं तुमच्यात असते का?” यानने विचारलं.

“आमच्यात असंच असते,” पाटील म्हणाले. “पन आज नोको होतं.”

तेव्हा पाटलांच्या आत्याबाईंना बोलावलं. गोजराबाई सत्तरीच्या, बालपणी विधवा होऊन माहेरीच राहिलेल्या. भावकीत कोण कोणाचं काय लागतं हे तलाठ्याला ठाऊक नव्हतं, त्यांना होतं. त्यांनी सुपात आठ तुरीचे दाणे ठेवले, ते पुरुष. आठ ज्वारीचे, त्या बाया. धाकटा देर चालतो, देराशी थट्टाही चालते. माहेरच्या नात्यानं कोणी भाऊ लागत असेल तर तो चालतो. भासरा, सासरा, चुलतसासरा चालत नाही. तासभर दाणे सरकत होते. शेवटी सात तुरी आणि सात ज्वाऱ्या अशा बसल्या की बाईनं तीन वेळा माणूस बदलला तरी कुठं पदर ओढायला नको. इंजिनवाला यान सुपाकडे टोपी काढून पाहत राहिला.

एक तूर मात्र हातात उरली, आणि तिच्या जोडीची ज्वारी सुपाच्या कडेला.

“उकंड्या, तू कुठंच बसत नाई,” गोजराबाई म्हणाल्या. “तू सगळ्यात थोरला. इथली एकूनएक बाई तुले पाठ देईन.”

“आत्याबाई, मले बसवा. मी नाचात नसलो तं साहेब कोनाचं नाव लिहीन?”

“मंग असं करा ना,” मनकर्णाबाई मागून हळूच पाटलांना म्हणाल्या. “बाकीच्याइले बदलू द्या. तुमी अन् मी बदलू नोको.”

पाटील मोठ्यानं हसले. “साऱ्या गावादेखत म्या बायकोसंगं नाचू? लोक काय म्हनतीन व? वा!”

मनकर्णाबाईंनी दुपट्टा घडी करून ठेवला.

गोजराबाईंनी उरलेली तूर सुपाच्या मधोमध टेकवली. “हे पाय. खळ्यात मेढ असते का नाई? बैल तिच्याभोवती फिरतेत, अन् ती उभी असते. तू मेढ हो. बायाइची तोंडं भाईर.”

यानने आपला एकच नियम सांगितला: जोडीतल्या दोघांची तोंडं एकीकडेच पाहिजेत. म्हणून पुरुषांचीही बाहेर झाली. पाटलांना सूचना पसंत पडली. मध्यभागी उभं राहणं त्यांना सवयीचं होतं.

उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. पट्टा आला होता, इंजिन चाललं. मंडपात साहेब बसले, शेजारी मडम वही उघडून बसली. यानने पेटी ओढली, रूपलानं ढोलकी धरली, आणि सात जोड्या खरोखर सुरेख नाचल्या. एक जड, दोन हलकी. तीन वेळा बाया पुढं सरकल्या, तीनही वेळा कोणी कोणावर आदळलं नाही. यानचे डोळे भरून आले. धूळ होती असं तो नंतर म्हणाला. मध्यभागी जरीचा फेटा बांधून उकंडराव उभे होते, आणि त्यांच्या चहूबाजूंना चौदा पाठी फिरत होत्या.

मनकर्णाबाई विड्याचं तबक घेऊन कडेला उभ्या होत्या. त्यांचा उजवा पाय तबकाखाली ठोका धरत होता.

साहेबांनी शेजारच्या कारकुनाला काहीतरी विचारलं. कारकून पाटलांच्या ओळखीचा होता, पण त्याला नाचातलं कळत नव्हतं, त्यानं होकाराची मान हलवली. साहेबांनी पाटलांशी शेकहँड केला, नेहमीपेक्षा जरा सहानुभूतीनं, आणि मोटार पातूरच्या घाटाकडे गेली.

जानेवारीत यादी निघाली. तीत उकंडराव नव्हते. कारकुनानं साहेबांचा शेरा उतरवून पाठवला: ‘सदर गृहस्थाला भर समारंभात सर्व गावाने पाठ दाखवली. असा कडक बहिष्कार तिसाच्या सालच्या सत्याग्रहानंतर पाहण्यात नाही. गावात वजन शून्य. पदवीस अपात्र. मनाने धीराचे दिसतात.’

पाटलांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून मासिकात ठेवला.

त्याच आठवड्यात यानचं काम संपलं. तो निरोप घ्यायला आला, तेव्हा पाटील बैठकीत बसले होते, पाटी अजून भिंतीकडेच तोंड करून होती. मनकर्णाबाईंनी दाराआडून चहा पुढं केला.

“जानराव,” पाटील म्हणाले, “एक सांगा. तुमच्या गावात म्हाताऱ्या मानसाचं कसं करतेत? त्याले कोनती बाई येते?”

“त्याची.”

“त्याची म्हंजे?”

“त्याचीच बायको. दुसरी कायले?”

“अन् कडवं सरल्यावर?”

“तीच.”

“मंग बदलाचं काहून सांगतलं तुमी?”

यानने बशी खाली ठेवली. “पह्यल्या दिवशी तुमी कोनीच बायकोकडं पाह्यलं नाई. मले वाटलं, पटत नसन. म्हणून घातलं मी ते. आमच्या नाचात बदल नाई.”

त्याच्या गावात हा नाच पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत ज्यानं त्यानं आपल्याच बायकोबरोबर नाचायचा असतो.