पायगुण

प्रेमकुंवरबाईंचे पाय म्हणजे साक्षात लक्ष्मीचे, हे जळगावच्या सराफ बाजारात शेंबडं पोरही सांगेल. त्या नवरी होऊन आल्या तेव्हा दलिचंदांचं दुकान म्हणजे एक फळी, एक तराजू आणि वर घोंघावणाऱ्या माशा. पण वर्ष फिरलं नाही तोच धंद्याने अशी उचल खाल्ली की जो तो म्हणू लागला, पायगुण! दलिचंद रात्रंदिवस घाण्याच्या बैलासारखे राबत होते, ते गेलं उडत. तेव्हापासून घराण्याची रीतच पडली. नवं दुकान उघडायचं तर उंबऱ्याच्या आत पांढरं कापड अंथरायचं, बाईंनी कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवायचे आणि उजवं पाऊल पुढे टाकून त्यावरून चालत यायचं. मग ते कापड काचेत मढवून गादीमागे टांगायचं. दलिचंद गेले तेव्हा, विधवेने कुंकवात पाय बुडवावेत का, अशी कुजबुज झाली खरी, पण धंद्यापुढे शास्त्र कोण विचारतो! मुलगा पारसने कुणाला हूं का चूं करू दिलं नाही.

तो रोज दुकानात जाताना आईच्या पायांवर डोकं ठेवायचा. मनापासून ठेवायचा बरं, ढोंग नव्हतं ते. फक्त त्याने पाहिलं ते नेहमी वरून. तळवे कसे आहेत, हे त्याला कधी बघावंसं वाटलं नाही.

बाईंना साखरेचा आजार जुना. तळवे बधिर झालेले, काटा रुतला तरी कळायचं नाही. त्यात वैशाखातलं जळगाव! मंदिराच्या तापलेल्या फरशीवरून त्या अनवाणी चालत आल्या, आणि डाव्या तळव्याला टरटरून फोड आला. तो फुटला, चिघळला. त्यांना पत्ता नाही. पत्ता लागला तो नातसुनेला, जिनलला. नवीनच लग्न होऊन आलेली पोर, सासूबाईंनी दादीजींच्या पायांना तेल लावायला सांगितलं म्हणून पायाशी बसली, आणि तिने एकदम नाकाला पदर लावला.

"दादीजी, हे केव्हापासून आहे? पू झालाय आत!"

"असेल गं. दुखत तर नाही."

"दुखत नाही हेच तर वाईट. अगंबाई, सगळे तुमच्या पाया पडतात, एवढी कदर तुमची या घरात, आणि हे कुणाला दिसलं नाही?"

प्रेमकुंवरबाई हसल्या. "कदर आहे गं पोरी. तिजोरीतल्या हाराचीही असते. हाराला कधी कुणी विचारतं का, बाबा रे, तुला काही होतंय का म्हणून?"

पण हसल्या तरी त्या घाबरल्या होत्या. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईचा असाच पाय गेला होता. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून विषय काढला. "पारस, मला दवाखान्यात ने. आजच ने."

पारसचा चेहरा पडला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, धुळ्याचं दुकान उघडायचं होतं. मांडव पडला होता, आमंत्रणं गेली होती. "बाई, नेतो ना! आखाजी होऊ द्या फक्त. आत्ता डॉक्टर पट्टी बांधणार, पाय टेकू नका म्हणणार. मग ठसा कसा उमटायचा?"

"जिनलचा उमटव की. घरची लक्ष्मीच आहे ती."

"पायगुण काय दुकानात विकत मिळतो, बाई?" असं म्हणून त्याने पुन्हा त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. जखमेला हळद लावली गेली. सून चेलना म्हणाली, हळदीने भलेभले फोड बसतात. जिनल काहीबाही बोलू लागली, तर संयमने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, डोळे वटारले. नव्या सुनेने फार बोलू नये, हीही या घरची एक रीतच.

आखाजीच्या दिवशी धुळ्यात सनई काय, हारतुरे काय, थाटाला तोटा नव्हता. बाई कुंकवात पाय बुडवून कापडावरून चालल्या. अंगात ताप होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण सगळं गाव बघतंय म्हटल्यावर चालल्या. पावलं उमटली आणि जमलेल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. उजव्या पावलापेक्षा डावं गडद, ओलं, लालभडक! "लक्ष्मी प्रसन्न झाली, पारसभाऊ!" कुणीतरी ओरडलं. फोटो काढण्यासाठी रेटारेटी झाली.

मागून दुकानात झाडलोटीला ठेवलेली इंदिराबाई फरशी पुसायला आली. कापडापलीकडेही दोन-तीन डाग पडले होते, ते तिने फडक्याने टिपले आणि फडकं निरखून पाहिलं. "माय वो! हाई कुंकू नही, रगत शे!"

"चूप," पारस दबक्या आवाजात म्हणाला. "शुभ दिवशी असलं तोंडातून काढू नकोस."

दोनच दिवसांनी डॉक्टरांनी डावा पाय गुडघ्याखालून कापला. विष वर चढत होतं, थांबायला वेळच नव्हता. पारस दवाखान्यात ढसाढसा रडला, हे खोटं कसं म्हणावं? पण रडून झाल्यावर त्याने डॉक्टरांना विचारलं काय, तर, "उजवा शाबूत आहे ना? उजवा राहिला म्हणजे मिळवलं." बाई शुद्धीवर आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

घरी आल्यावर त्यांना एकच ध्यास लागला. जखम भरली की नकली पाय बसवता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. वॉकर धरून उठायचं, एका पायावर लंगडत संडासापर्यंत जायचं, दोनदा तर वाटेतच लुगडं भिजलं. या वयात सुनेसमोर ती शोभा! त्या पारसला रोज विचारायच्या, "माझ्या पायाचं काय झालं रे?" तो म्हणायचा, "लग्नसराई आहे, बाई. बघतोच." धुळ्याला संयमबरोबर राहायला गेलेली जिनल फोनवर तेच विचारायची, "दादीजी, पाय आला का?"

शेवटी एक दिवस पारस म्हणाला, "बाई, माणूस पाठवतोय. पावलाचं माप घेईल."

माणूस आला, झुलाल नावाचा. त्याने उजव्या पावलाचा मातीत ठसा घेतला, बोटंन् बोटं निरखली, टाचेवरची भेगसुद्धा बघितली. कापलेल्या पायाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाईंना जरा नवल वाटलं, पण त्यांनी मनाची समजूत घातली, जोडी जुळायला हवी म्हणून उजव्यावरून डावा करत असतील. त्या रात्री त्यांना किती दिवसांनी सुखाची झोप लागली. जिनललाही त्यांनी फोन करून सांगितलं, आता मी माझी चालत धुळ्याला येते बघ.

आणि मग पारस तो लाल मखमली डबा घेऊन आला. चेलनाने मोबाइल सरसावला. बाई पलंगावर ताठ बसल्या, लुगडं सारखं केलं.

पारसने झाकण उघडलं. आत चांदीचं पाऊल होतं. पाचही बोटं हुबेहूब, टाचेवरची भेगसुद्धा.

"धुळ्याच्या त्या कापडावरचं डावं पाऊल काळं पडलं, बाई. गिऱ्हाईक विचारायचं. ते कापडच काढलं, आता त्याच्या जागी हे बसवणार. कायमचं! शंभर वर्षं काही होणार नाही." त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "तुमच्या पायाची किंमत या घराला आहे, बाई."

प्रेमकुंवरबाईंनी ते पाऊल निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "हे घालून संडासला जाता येतं का रे?"

"बाई! असं अभद्र काय बोलता?"

"मला जायचंय. आत्ता. हात दे."

पारस गडबडला. डब्यातून काढलेलं पाऊल त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. खाली ठेवावं तर चांदीला ओरखडा पडायचा, आणि चेलनाचं शूटिंग चालू होतं. "एक मिनिट हं, बाई," तो म्हणाला आणि पाऊल आधी डब्यात नीट बसवू लागला.

बाईंनी वॉकर ओढला आणि एका पायावर उठल्या. दारापर्यंत पोचायच्या आतच लुगडं भिजलं.