पाचव्या बाकापाशी संपणारा प्याला

कुणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी विठोजी, मूळचा निपाणीचा. थापा मी जन्मभर मारल्या. माझ्या आज्यानं वाघाला तंबाखू हुंगायला देऊन शिंकून शिंकून दमवला, ही थाप माझीच. पण ही गोष्ट तसली नव्हे. आमच्या जयनगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाचा प्याला तीन वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, बरोबर पाचव्या बाकापाशी संपायचा. चौथ्या बाकावरच्या शेवटच्या माणसानं घोट घेतला, की झालं. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला म्हणतात. आमच्याकडं द्राक्षारसाची हवा व्हायची.

पाचवा बाक शेवटचा. त्यावर देवाप्पा, त्याची बायको गंगव्वा आणि मुलगी कस्तुरा, एवढीच तीन माणसं. देवाप्पा संकेश्वराकडचा, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. बेंगळुरात वहाणा शिवायचा. छप्पन साली जयनगर म्हणजे नुसते आखलेले प्लॉट, हद्दीचे दगड आणि त्यांना अंग घासणाऱ्या म्हशी. आमचं देऊळ म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. तिथल्या मोठ्या पवित्र शास्त्राची बांधणी उसवली, तेव्हा देवाप्पानं ते तांबड्या कातड्यात नव्यानं बांधून दिलं. एक पैसाही घेतला नाही. जयसिंगराव दर रविवारी त्याच कातड्यावर हात ठेवून वाचन करायचे.

जयसिंगराव पंचांचे प्रमुख. कोल्हापूरकडचे, विमानाच्या कारखान्यात फोरमन. मला तिथं त्यांनीच चिकटवलं. मी मंडळीचा सेवक. मनुका उकळून रस करायचा, फडक्यातून गाळायचा, प्याल्यावर पांढरा रुमाल टाकून बाकोबाक फिरवायचा, हे माझं काम. प्याला संपला, की मागच्या दारानं नळावर नेऊन विसळून आणायचा.

त्या वर्षी नगरहून रत्नाकर नावाचे तरुण पाळक आले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, "विठोजी, रस कमी पडतो का?"

"माप तेच आहे, पाळकसाहेब. लोकांचे घोट मोठे."

ते जयसिंगरावांकडं वळले. "प्रभूनं बाराही जणांना एकाच प्याल्यातून दिलं. त्यात त्याला धरून देणाराही होता. त्याला काही वगळलं नाही."

"देवाप्पाला तरी कुणी वगळलंय?" जयसिंगराव कधी आवाज चढवायचे नाहीत. "आपण जात मानत नाही, क्रम मानतो. प्रेषितानं लिहिलंय, बोलावणं आलं तेव्हा जो ज्या स्थितीत होता, त्यानं त्यातच राहावं. आणि अयोग्य रीतीनं प्यायलं, तर प्यालाच शिक्षा होतो, हेही त्यानंच लिहिलंय. प्याला तिथवर पोचत नाही, यात देवाची काही योजना असेल."

"ते लिहिलेलं ज्यात बांधलंय, ते कातडं देवाप्पाचंच आहे."

"म्हणून तर म्हणतो. ज्याचं काम त्यानं करावं."

शास्त्र एकच, बोटं दोन. दोघंही घरी जाऊन गुडघे टेकून प्रार्थना करत असणार, यात मला शंका नाही.

गंमत ऐका. त्या तीन वर्षांत देवळामागच्या पांढऱ्या जास्वंदीला तांबडी फुलं यायला लागली. लालबागेतला एक माळी येऊन बघून गेला, डोकं खाजवत गेला. हे सांगितलं की पोरं हमखास हसतात.

देवाप्पा मात्र हसत नव्हता. जयसिंगरावांच्या कृष्णाबाई एकदा दारात गंगव्वाला म्हणाल्या, "मनातली काही गाठ असेल तर सोडा गं बाई. देव बघतोय." त्या रात्रीपासून नवरा-बायको आपलं पाप हुडकायला लागली. आधी देवाप्पाची तंबाखू गेली. मग दसऱ्याला गावी भावाच्या घरी जेवला होता, त्याची त्यानं माफी मागितली. प्याला तरी संपलाच. मग त्याला वाटलं, दोष हातांतच आहे. राखेनं घासून घासून त्यानं बोटांची सालं काढली.

"अण्णा, माझ्यापाशीच कसा संपतोय हो?" त्यानं मला विचारलं. "तुम्ही दर वेळी त्या प्याल्याजवळ असता. तुम्हाला काही कळतंय काय?"

"स्वल्प धीर धर, देवाप्पा," मी म्हणालो.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "कातड्याचा धंदाच सोडतो. मग तरी येईल."

आरी आणि रापी त्यानं शेजाऱ्याला देऊन टाकली आणि नव्या वसाहतीच्या खाणीवर दगड फोडायला लागला. चाळिशी उलटलेला माणूस. सुईदोऱ्याचे हात. दोन उन्हाळ्यांत दगडाच्या भुकटीनं छाती धरली. खोकला आला, की गंगव्वा पाठीवर हात ठेवून मोजत बसायची, कधी थांबतो ते.

एकोणसाठच्या पुनरुत्थानाच्या रविवारी त्याला जटक्यातून, घोड्याच्या गाडीतून आणला. "एकदाच," तो गंगव्वाला म्हणाला होता, "एक घोट, मग कुठं न्यायचं तिथं न्या." रत्नाकर पाळकांनी त्या दिवशी प्याला स्वतः भरला, सगळ्यांसमोर, काठोकाठ. माझ्या हातात देताना म्हणाले, "आज पोचेल."

मी निघालो. पहिला बाक, दुसरा, तिसरा. चौथ्यावर जयसिंगरावांचा भाऊ हंबीरराव. त्यानं घोट घेतला. मी पाचव्यापाशी गेलो, रुमाल उचलला, तर प्याला कोरडा. देवाशपथ कोरडा. तसा मागच्या दारानं पळालो, फडक्यातल्या मनुकांचा चोथा पिळला, तीन थेंब निघाले. ते आणून देवाप्पाच्या जिभेवर सोडले. त्यानं डोळे मिटले. म्हणाला, "अण्णा, साखर स्वल्प कमी पडली." मंगळवारी गेला, पण तृप्त गेला. जयसिंगरावांचे डोळे भरून आले आणि तेव्हापासून आमच्याकडं प्याला कधी संपला नाही.

नऊ वर्षं मी ही गोष्ट अशीच सांगत आलो. गेल्या रविवारी उपासनेआधी, नव्या देवळात, तरुण संघापुढं सांगत होतो. मागं एक बाई येऊन बसली होती, पांढरी साडी, पायात नर्सचे बूट. 'तृप्त गेला' म्हणालो, तेव्हा ती उभी राहिली.

"अण्णा, मी कस्तुरा. देवाप्पाची. ती जास्वंद पहिल्यापासून तांबडीच होती."

पोरं हसली. मग थांबली.

"त्या दिवशी अप्पांना खोकल्याची उबळ आली, म्हणून मी नळावर पाणी आणायला गेले. तुम्ही आत 'संपला' म्हणून सांगून आला होता आणि जास्वंदीपाशी उभे होता. प्याला निम्मा भरलेला होता. तुम्ही तो बुंध्याशी ओतलात, विसळलात, रुमालानं पुसलात. चोथा नाही पिळला, थेंब नाही आणले. चौथ्या बाकाला सगळं ठाऊक होतं, कुणी मान वर केली नाही. आणि प्याला संपायचा थांबला, कारण पाचव्या बाकावर कुणी उरलं नाही."

मी आजच्या प्याल्याचा पांढरा रुमाल मांडीवर घेऊन घडी घालायला लागलो.

"मंगळवारपर्यंत अप्पा एकच विचारत होते, कस्तुरा, माझं कुठलं पाप राहिलं गं. मी तेरा वर्षांची. खरं सांगितलं तर त्यांची छाती तिथंच फुटेल, असं वाटलं. मी म्हणाले, अप्पा, खरंच संपला होता. तुमची थाप मीच त्यांना पाजली."

ती खाली बसली नाही. चालत पुढं आली, बाक मोजत मागं गेली आणि पाचव्याच्या टोकाला बसली.

"आज पहिला रविवार आहे, अण्णा," ती म्हणाली. "मी इथं बसलेय. आणा."