हळदीच्या धवल्यातली पाल

मी धवलारीण, लग्नविधीची गाणी गाणारी. आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी माझा धवला लागतो, तेव्हा कुठे मांडवाला मांडव म्हणतात. बुधवारी सकाळी डॉक्टर माझ्या गळ्यातली आवाजाची पेटी काढणार. माझ्यामागे गाणारी कुणी नाही, पोरींना लाज वाटते. म्हणून सुनेला, रंजिताला म्हटलं, भरून ठेव. विचुंब्याच्या फ्लॅटात तिची रेकॉर्डिंगची खोली आहे. तीन दिवस बसून बावीस धवले गायले.

सोमवारी ऐकायला बसले, तर हळदीच्या धवल्यात पाल चुकचुकली. टिक. जरा थांबून परत टिक. मी झाडू घेऊन खोलीचं छत बडवलं.

"आई, पाल नाही ती. आवाज दोन मशिनांतून जातो, दोघांच्या पोटात वेगवेगळं घड्याळ. एक केसभर पुढे पळतं आणि आवाज मधेच तुटतो. दोघांना बाहेरून एकच घड्याळ लावायला हवं."

"मंग माझ्या भितीवरचं काढून आन."

ती हसली नाही.

"मी म्हणते ते घड्याळ वेळ नाही दाखवत, आई. नुसता ठोका देतं. दोघांनी त्याचंच ऐकायचं."

"म्हंजे माझ्या जोडीची गोदा नि मी गायचो तसं. तिचा दम लांब, पन ती माझ्या तोंडाकडं बघून गायची."

"तसंच."

"मंग आधी का नाय लावलंस? तुमा घाटावरच्यांना पाल चालत आसंल. आमच्यात नवरीच्या कानावर आसलं घालत नाय."

मंगळवारी दुपारी तिने नवीन पनवेलातून कुणाचा तरी ठोका देणारा डबा मागून आणला. जोडला.

"आता जुनं साफ व्हईल ना?"

"नाही, आई. हे पुढचंच सांभाळतं. जुन्यात तुटलं ते तुटलं. रात्रभर एकेक टिक पुसत होते, पण तिच्याबरोबर तुमचे शब्दही जातात."

परत गायले. हळदीचा धवला एकदम स्वच्छ आला. मांडवाच्या धवल्यात दुसऱ्याच ओळीला गळा फाटला. तिसऱ्या ओळीत नुसती हवा. गरम पाणी प्यायले, देवाला शिव्या घातल्या, परत हवाच. डब्यावरचा हिरवा दिवा आपला शांत जळत होता.

तेव्हा रंजिताचे ओठ हलताना दिसले. पुसता पुसता तिला ओळी पाठ झाल्या होत्या.

"गा गो," मी म्हटलं. अर्धं ओठांवरून कळलं असेल तिला.

"मी? तुम्हीच म्हणता, माझा आवाज पत्र्याचा आहे."

"हायेच. गा."

ती गायला लागली. टेबलावर ठोकलं असतं तर तेही भरलं असतं, म्हणून तिच्या मांडीवर बोटाने ठोका धरला. एकवीस धवले बाकी होते. दुसऱ्या कडव्यात ती घाईत सुटली. मी चिमटा काढला. "परत" म्हणायला तोंड उघडलं, काहीच आलं नाही.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पहिल्यापासून धरलं.