गाजर दिसत नाही

सात महिने : सात किलो दोनशे.
नऊ महिने : सात किलो दोनशे.

अंगणवाडीच्या गुरम्माताईंनी अश्वजितच्या कार्डावरून बोट फिरवलं. रेघ दोन महिने आडवी. "पुढच्या महिन्यात बी अशीच आली तर लातूरला भरती करावं लागंल. खातो काय?"

मी सांगितलं. सकाळी अंगावर पाजते. निघायच्या आधी मूगडाळ-तांदळाची खिचडी करून दोन डब्यांत ठेवते. घट्ट. तूप, शेंगदाण्याचं कूट. सहाला ऑफिसातून येते तेव्हा दोन्ही डबे रिकामे असतात.

"भरवतं कोण?"

"आत्याबाई. माझ्या सासूबाई."

त्यांनी कार्ड मिटलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. तेच मला जास्त लागलं.

*

चहात बुडवून बिस्किट देत असतील. मग भूक मरते.
किंवा वरचं पाणी पाजत असतील.
किंवा खिचडी स्वतःच
(हे नको.)
स्वतःच खात असतील.

*

नांदेडहून आनंदराज, फोनवर : "तुला माझ्या आईचा लईच संशय येऊन राहिलाय."
"वजनाचं बोल."
"तिनं चार लेकरं वाढवली, समीक्षा."
"हे पाचवं आहे. आणि माझं आहे."

*

संध्याकाळी अश्वजित छातीला असा चिकटतो की जणू दिवसभर उपाशी. आत्याबाई दारातून बघतात.

"दूध पातळ हाय तुझं. म्हनून भरंना लेकरू."

गल्लीतही हेच सांगितलंय त्यांनी. मलाही कधीकधी खरं वाटतं. मग मी रिकाम्या डब्यांकडे बघते.

*

सोमवारी खिचडीत गाजर किसून घातलं. पोटात गेलं तर लंगोटात तसंच उतरतं.
मंगळवारी सकाळी लंगोट उजेडात धरून पाहिला. गाजर दिसत नाही.
मंगळवारी पुन्हा घातलं.
बुधवारी लंगोट : नाही.

बुधवारी अर्धी रजा टाकली.

*

मागच्या दारानं आले. स्वयंपाकघरात आत्याबाई पाठमोऱ्या. पुढ्यात सुती फडकं, त्यात माझी खिचडी. पुरचुंडी बांधून त्या दोन्ही हातांनी पिळत होत्या. वाटीत पिवळट पाणी उतरत होतं. अश्वजित शेजारी बसून त्या वाटीकडे बघत होता.

पाणी त्यांनी चमच्यानं पाजलं. फडक्यातला गोळा उभ्याउभ्या स्वतः खाल्ला.

"आत्याबाई."

त्या दचकल्या. तोंडातला घास गिळायला वेळ लागला.

"टाकवत न्हाई," त्या म्हणाल्या. "अन्न हाय."

"त्याला का नाही?"

त्यांनी फडकं वाटीखाली सारलं. मी पुन्हा विचारलं. मग त्या खालीच बसल्या.

"त्याला आठवा लागला तवा. एका डाळीच्या गुठळीनं ठसका लागला. तोंड लाल, डोळे भरले. घरात मी एकटी. उलटा केला, पाठीवर मारलं. गुठळी पडली."

"मला का नाही सांगितलं?"

"तू नायगावला तुझ्या आईकडं नेऊन ठेवला असता की त्याला."

खरं होतं. नेला असता. आजही नेईन, असं मी मनात ठरवलेलंच होतं.

*

खिचडीचा दुसरा डबा उघडला. बोटांनी कुस्करली, पिळली नाही. चमच्याच्या टोकावर थोडीशी.

अश्वजितनं ओक्क केलं. जीभ बाहेर. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांबा."

"समीक्षा, डोळे बघ त्याचे."

"आवाज येतोय ना त्याचा? मग अडकलेलं नाही. आवाज थांबला तर उचलायचं. शिकतोय तो."

हे गुरम्माताईंनी शिकवलं होतं. मलाच. मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानं घास जिभेनं आत ओढला. गिळला. तोंड उघडलं.

चमचा मी आत्याबाईंकडे दिला. त्यांनी तो भरून अश्वजितच्या तोंडाशी नेला. अर्धा घास खाली सांडला, अर्धा आत गेला.

"उद्या बी बघायला येशील?"

"हो. जेवणाच्या सुट्टीत."

"परवा?"

"कार्डावरची रेघ वर चढेपर्यंत रोज."

मला वाटलं, चिडतील.

"ये," त्या म्हणाल्या. "एकटीला भ्या वाटतंय मला." आणि दुसरा घास भरला, माझ्याकडे बघत, किती मोठा घेऊ म्हणून.