माहेरचं नाव

“आधी माहेरचं नाव विचारायचं. मग बाकीचं. जुना कागद असलाच, तर तो त्याच नावावर असतो.”

इस्पितळाच्या दप्तरखान्याचं काम चारुशीलेच्या हाती देऊन जाताना विष्णुपंतांनी असं बजावलं होतं आणि ती आता खाटेशी उभी राहून तेच विचारत होती. तिच्या हातातल्या फळीला नवा केसपेपर अडकवलेला होता. शालन मानसिंग साळुंखे, वय अठरा, तालुका वाळवा, उजव्या फुप्फुसाचा न्यूमोनिया, एवढंच त्यावर लिहून झालं होतं. शालनला शुद्ध नव्हती. श्वास घेताना तिच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि दर श्वासाला बारीक कण्हणं ऐकू येत होतं.

“हिचं माहेरचं नाव काय?”

उशाशी बसलेल्या सासूनं, चंद्राबाईनं, कपाळावरची पट्टी बदलली.

“आवं बाई, पोर तापानं फणफणलीया आन तुमास्नी म्हायेरचं नाव पायजे व्हय? पुन्यांदा लगीन लावायचं हाय का तिचं?”

शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. पायथ्याशी उभी असलेली राहीबाई हसली नाही. ती शालनची आई. निरोप मिळताच जतकडच्या आपल्या गावाहून निघून ती सकाळीच सांगलीत पोहोचली होती आणि अजून तिनं पायांवरची धूळही धुतली नव्हती.

“शालनच,” ती म्हणाली. “नाव बदललं न्हाई.”

“लहानपणी कधी इस्पितळात ठेवली होती?”

“न्हाई. कवाच न्हाई. तिला सर्दी न्हाई, पडसं न्हाई.”

उत्तर फार लवकर आलं. चारुशीलेनं रकान्यात ‘नाही’ असं लिहिलं, पण टाक उचलला नाही. तेवढ्यात सिस्टर गोळ्या कुटून पाण्यात कालवलेला कप घेऊन आली. डॉक्टर शिराळकरांनी सल्फा लिहून दिला होता. न्यूमोनियाला त्या वर्षांत जिकडेतिकडे तोच देत आणि मरणाच्या दारातली माणसं त्यानं उठून बसत.

राहीबाई एकदम पुढं झाली.

“ह्या पांढऱ्या गोळ्या हायत का? गोळ्या नगंत. सुई द्या की.”

“विहीणबाई, तुमी डाक्टरीण कवा झाला वो?” चंद्राबाई म्हणाली. “सरा मागं. पिऊ द्या तिला.”

सिस्टरनं शालनची मान उचलली. “मी धरते,” म्हणत राहीबाई वाकली आणि तिचा कोपर कपाला लागला. कप खाली पडून फुटला. पांढरं पाणी फरशीवरून खाटेखाली गेलं.

“घ्या!” चंद्राबाईनं कपाळावर हात मारला. “मदतीला आली म्हणायची!”

“औषधखान्यातून दुसरं करून आणते,” असं म्हणून सिस्टर तुकडे गोळा करू लागली.

चारुशीला राहीबाईकडं बघत राहिली. कोपर घसरला नव्हता. तो नेम धरून आला होता.

“तुमचा अंगठा लागेल कागदावर,” ती म्हणाली. “बाहेर उजेडात या जरा.”

व्हरांड्यात आल्यावर तिनं शाईची डबी उघडलीच नाही.

“राहीबाई, कप तुम्ही पाडलात. त्या गोळ्यांनी हिला पूर्वी काही झालं होतं का?”

राहीबाईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. 

“माझ्या तोंडातनं काडू नगा बाई. सुपारी फुटली तवा हिच्या बानं चार माणसांत भंडारा उचललाय, पोरीला कवा दुखणं न्हाई म्हणून. त्यो गेला बिचारा. आता म्या तोंड उघडलं तर ती आण पोरीवरच उलटंल.”

“आणि नाही बोललात तर?”

राहीबाईनं खिडकीतून आत पाहिलं.

“म्हनून तर पाडला.”

चारुशीला स्वतः नेमधर्माची बाई. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तिच्या घशाखाली घोट उतरत नसे. देवाच्या नावानं उचललेल्या भंडाऱ्याचं ओझं काय असतं, ते तिला समजावून सांगायला नको होतं.

“नका सांगू,” ती म्हणाली. “मी माझ्या कामानं शोधते.”

“सापडलं तर विहीणबाईला कळंल. गावात लोक भलत्याच रोगाचं नाव घेत हुते. हितं कळलं तर पोरीला माघारी धाडतील.”

“माझ्याकडून कळणार नाही.”

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर डॉक्टर शिराळकर हात धूत होते. चारुशीलेनं सांगितलेलं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“चारुशीलाबाई, गोळ्यांना प्रत्येक आई भिते. पेनिसिलिनच्या मोजक्या कुप्या आहेत कपाटात, त्या संशयावर कशा फोडू? कागद आणा, आत्ता बदलतो. पण कागदासाठी औषध थांबवणार नाही. ते फुप्फुस कागदाची वाट बघत थांबायचं नाही.”

ती दप्तरखान्याकडं जवळजवळ धावत गेली.

नावांचे खण भिंतभर होते, पण नावच नव्हतं. उरले आकडे. इस्पितळात प्रत्येक रोगाला जाडजूड इंग्रजी पुस्तकातला एक आकडा देत आणि रुग्ण घरी गेला की त्या आकड्याच्या खणात त्याची चिठ्ठी पडे. रोगांना आकडे देण्याचं हे कसलं काम, असं म्हणून तिला सोयऱ्याधायऱ्यांत हसत. पटकीचा खण भरलेला, हिवतापाचे तर दोन. औषधाची बाधा झालेल्यांचा खण मात्र खाली, भिंतीच्या कोपऱ्यात. तिनं तो ओढला. तो अर्धाच आला आणि अडकला. पाय भिंतीला लावून तिनं हिसका दिला, तशा चिठ्ठ्या मांडीवर सांडल्या.

एकजण सोमलानं आजारी पडलेला. एक अफूनं सुस्तावलेलं मूल. एक म्हातारा. आणि मग, बनू आकाराम, वय तेरा, गाव जतकडचं.

चिठ्ठीवरच्या क्रमांकानं तिनं बासन काढलं. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी सोडवली. कागद पिवळा पडला होता, पण इंग्रजी अक्षर विष्णुपंतांचं, सुवाच्य. घशाच्या दुखण्यावर सल्फा दिला. अंगभर फोड, पाठीची साल निघाली, जगण्याची आशा सोडली होती. पुन्हा कधीही देऊ नये. सोबत : आई, राहीबाई.

ती वॉर्डात शिरली तेव्हा सिस्टरनं शालनची मान उचललेली होती आणि कप ओठांशी टेकला होता. राहीबाईनं खाटेची दांडी घट्ट धरून डोळे मिटले होते.

“सिस्टर, थांबा!”

“आता काय?” चंद्राबाई कडाडली. “मावशीचं नाव ऱ्हायलं व्हय विचारायचं?”

चारुशीलेनं कागद सिस्टरपुढं धरला. सिस्टरनं वाचला, कप बाजूला ठेवला आणि रुमालानं शालनचे ओठ पुसले. एक थेंबही आत गेला नव्हता. डॉक्टर आले, त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि कपाटाची किल्ली खिशातून काढून सिस्टरच्या हातावर ठेवली.

“हा कागद नव्याला शिवा,” ते चारुशीलेला इंग्रजीत म्हणाले, “आणि खाटेला लावा.”

दुपारी ती दप्तरखान्यात सुईत दोरा ओवत बसली होती. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. दारात सावली पडली. चंद्राबाई उभी होती. वॉर्डात खणखणणारा तिचा आवाज आता ओळखू येत नव्हता.

“बाई, येक सांगायचं ऱ्हायलं. शालनच्या पाठीवर डाग हायत, जुनं. लगीन झाल्यावर म्या न्हाऊ घातलं तवा बगितलं. डाक्टरला कामी येत असंल तर सांगा.”

चारुशीलेचा हात थांबला.

“सकाळीच का नाही बोललात?”

“तिच्या आईम्होरं?” चंद्राबाई उंबऱ्यावरच टेकली. “तवापासनं पोरीला म्याच न्हाऊ घालती. जावांस्नी हात लावू देत न्हाई. लय तोंडाळ हायत त्या. तिच्या बानं भंडारा उचलला हुता वो. मेलेल्या माणसाला खोटं पाडू व्हय? आन पोर गुणाची हाय. मला तिच्या पाठीशी काय करायचं हाय?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “राहीबाईला कळू देऊ नगा, मला ठावं हाय म्हनून. लेकीच्या सासूम्होरं जलमभर मान खाली घालून बसंल. तुमी बोलणार न्हाई न्हवं?”

“नाही बोलणार.”

“आन त्यो कागद झाकून ठेवा. सांजच्याला धाकला सयाजी येतोय भाकरी घिऊन. चार बुकं इंग्रजी शिकलाय. दुकानाची पाटी दिसली तरी मोठ्यानं वाचून दावतो मेला.”

ती गेल्यावर चारुशीला काही वेळ दोन्ही कागदांकडं बघत बसली. मग तिनं सुई डबीत ठेवली. जुना कागद बासनात गेला, गाठ पक्की बसली. नव्या कागदाच्या माथ्यावर तिनं तांबड्या शाईनं ठळक लिहिलं, ‘सल्फा देऊ नये’, आणि त्याखाली बाधेचा आकडा व जुन्या केसचा क्रमांक. मग नावांच्या खणातून कोरी चिठ्ठी काढून तिच्यावर शालनचं नाव घातलं, पुढं बनूचं, आणि ती खणात सरकवून दिली. त्या खोलीत नातेवाइकांना येऊ देत नसत.

डॉक्टरांनी कागद पाहिला. त्यांच्या भुवया वर गेल्या.

“जुना कुठाय?”

“बासनात आहे. हा क्रमांक सांगितलात की मी तेव्हाच काढून देईन. खाटेला एवढंच राहू द्यावं, अशी माझी विनंती आहे.”

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग तांबड्या अक्षरांकडं.

“सिस्टरांना तोंडीही सांगा,” ते म्हणाले.

वॉर्डाच्या दाराशी बाकावर दोघी विहिणी बसल्या होत्या. आत शालनचा ताप तसाच होता, पण दुसरी सुई नुकतीच टोचून झाली होती. चंद्राबाई फडक्यातली सकाळची भाकरी मोडून राहीबाईच्या पुढं सारत होती.

“खावा की वो. का तुमाला बी खाट लावायला सांगू पोरीच्या शेजारी?”

राहीबाईनं तुकडा हातात घेतला, तोंडाशी नेला नाही. तिची नजर चारुशीलेच्या हातातल्या कागदावर खिळली होती. चंद्राबाईची नजर भाकरीवर होती आणि ती वर बघत नव्हती.

चारुशीलेनं कागदाची लिहिलेली बाजू छातीशी धरली, दोघींना दिलेल्या शब्दाची खूण म्हणून एकदाच किंचित मान लववली आणि खाटांच्या मधल्या वाटेनं आत चालू लागली.