निमगड्यांची दुसरी चूल

“अवो माय, एवढी गुळगुळीत काऊन करतेस? पाहुणे येऊन राह्यले का तिले पाहाले?” असं म्हणत सुगंधाबाईनं सुनेच्या हातून ओल्या मातीचा गोळा हिसकूनच घेतला. “वापरलेली चूल अशी दिसत नाई. इथी बोटं उमटू दे. अन् ही कोर जराशी खापली पायजे, गंज-भांडे घासून घासून झिजते तशी.”

दिव्यानी सातव्या महिन्याचं पोट सांभाळत पडवीच्या भिंतीला टेकली. “आई, जन्मली नाई तं लगेच म्हातारी कराची का तिले?”

“कराची. कमिटी येऊन राह्यली पाहाले. ओली चूल पाहून लोकं तोंडावर हासतीन.”

गोष्ट अशी होती, की लॉकडाऊनला महिना उलटून गेला होता आणि गावात कोणाच्या हाताला काम उरलं नव्हतं. सावली तालुक्यातलं, वैनगंगेच्या अलीकडचं हे धानाचं गाव. धान कधीचं निघालेलं, रोजगार हमी बंद. मोहफुलं वेचायला जंगलात जावं तर वाघ आणि रस्त्यावर जावं तर पोलीस. सुगंधाबाईचा धाकटा संघपाल दुसऱ्याची काळीपिवळी सावली-मूल रस्त्यावर चालवायचा. मालकानं किल्ली काढून घेतली. गाडी मालकाच्या अंगणात उभी राहिली आणि संघपाल आपल्या. गॅसची टाकी होळीलाच रिकामी झाली होती, तिच्यावर आता कपडे वाळत होते.

अशात एका सकाळी पंचायतीचा शिपाई बिरजू माईक घेऊन गल्लीगल्लीतून ओरडत गेला. “ग्रामपंचायतीच्या फंडातून, ज्याचा ज्याचा कामधंदा बंद आहे, अशा परतेक चुलीले दोन हजार रुपये अन् किराणा! कार्डावर नाई, बाप्पा, चुलीवर!”

हे डोकं सरपंच गुणवंतरावांचं. रेशनकार्डं जुनीपुराणी, एका कार्डावर तीन तीन भावांचे संसार. मग न्याय करायचा तर चूल मोजा, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण माणसाचा स्वभाव त्यांनी धरला नाही. दोन दिवसांत गावतळ्याची, बोडीकाठची काळी माती अशी उकरली गेली, की म्हशी लोळून गेल्यासारखं दिसू लागलं. ज्या घरात भाऊ भाऊ एका ताटात जेवत होते तिथंही परसात नव्या चुली उगवल्या. मग पंचायतीनं कमिटी नेमली.

कमिटीत पंचायतीची मेंबर नीलाबाई होती. ती आणि सुगंधाबाई एकाच साली या गावात नवऱ्या होऊन आलेल्या. तोंडावर पदर घट्ट धरून ती कुंपणापलीकडून बोलली, “सुगंधे, कमिटीवाले चुलीत हात घालून पाहतीन. राख गरम आहे का, काजळी धरली का, सारं पाहतीन. मी तुले काई सांगतलं नाई, समजलं?”

“काई आयकलंच नाई मी,” सुगंधाबाई म्हणाली. आणि त्याच दुपारी तिनं माती भिजवली.

तिला हाव नव्हती. एका चुलीच्या मदतीत घरातली पोटं भरली असती. दुसरी पाहिजे होती ती दिव्यानीसाठी. तपासणाऱ्या सिस्टरनं बजावलं होतं, रक्त फार कमी आहे, बाळंतपण गावात करू नका, गडचिरोलीलाच न्या. गडचिरोली नदीपलीकडं. पुलावर नाका बसलेला, अँब्युलन्स वेळेवर येईल याचा नेम नाही, आणि खासगी गाडीवाला अशा दिवसांत तोंडाला येईल ते मागणार. सुगंधाबाईच्या डोळ्यांपुढून ती गाडी हलत नव्हती. झोपेतही ती सुनेला घेऊन रस्त्यावर उभी असायची आणि गाडी काही यायची नाही.

तरी चूल घालताना तिला जुनं आठवत होतं. थोरला मिथुन वेगळा झाला तेव्हाही अशीच पडवीत चूल मांडली होती. तेव्हा म्हणाला होता, सहा महिन्याची गोष्ट आहे, माय. सहा महिन्यांत तो बल्लारपूरला गेला. आता येतो, चहा पितो आणि म्हणतो, बरं, निघतो. आपल्या घरातून कोणी ‘निघतो’ म्हणतं का? ती चूल सुगंधाबाईनं स्वतः कुदळीनं फोडली होती. आज त्याच जागेवर ती नवी घालत होती, आणि तीही आपल्या हातानं. याला काय म्हणावं?

चूल वाळली आणि पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. दिव्यानी खापराचा तुकडा घेऊन मधल्या दाराशी आली. “आई, इस्तव द्या ना. काडीपेटी सादळली.”

सुगंधाबाई उठणार, तेवढ्यात कुंपणापलीकडं शेजारीण गुलाब उभी दिसली. गुलाबच्या घरी एकच चूल पास होणार होती, म्हणून तिचे डोळे सगळ्या गावावर होते. आणि या गावातली रीत अशी, की वेगळ्या निघणाऱ्या सुनेला सासूनं आपल्या चुलीतला विस्तव द्यायचा नाही. दिला तर चूल एकच राहिली असं समजायचं. जुन्या बाया अजून ते मानत.

“वेगळी निघाली ना?” सुगंधाबाई मुद्दाम मोठ्यानं बोलली. “मंग आपली आपून पेटव! माझ्या दारात काऊन आली?”

दिव्यानी दचकलीच. तिचं तोंड एवढंसं झालं. मग गुलाबकडं नजर गेली, तशी ती समजली आणि खालमानेनं परत फिरली. पण समजली म्हणून काय झालं? बोललेलं बोललंच गेलं. सुगंधाबाई आत येऊन उतरंडीशी बसली आणि पदर तोंडात धरून रडली. असलं नाटक करायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये, असं तिला वाटलं.

पुढं सरपणाचा प्रश्न आला. दोन चुली म्हणजे दुप्पट लाकूड. शेजारच्या गावात मोह वेचायला गेलेल्या बाईला वाघानं नेल्याची बातमी ताजी होती. संघपाल चारपाच जणांसोबत पहाटे जायचा आणि तो दिसेपर्यंत सुगंधाबाईचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

“माय, दोन दिवस पुरन एवढंच आहे,” मोळी टाकत तो म्हणायचा. “गार्डानं हाकललं.”

“सारं तिकडंच टाक, पडवीत. त्या चुलीले काजळी धराले पायजे.”

“अन् तुले?”

“मले एकटीले किती लागते! माझी चूल जुनीच आहे, तिले कोन पाह्यते?”

तिनं आपली चूल पेटवणं आधी रात्री सोडलं, मग सकाळीही. उरलेला भात पाण्यात घालून मीठ लावून खायची. कधी तेही नाही. दिव्यानीच्या हे दोनचार दिवसांतच लक्षात आलं. मग कुंपणाकडं पाहून, पदराखाली झाकून, ती मधल्या दारानं ताटली आत सरकवू लागली.

“कोनी पाह्यलं तं? घेऊन जा वापस!”

“जेवा आधी. मंग भांडा.”

“बह्याड आहेस का? गाडी नाई पायजे का तुले?”

“तुमी उपाशी मरान अन् मी गाडीत बसून जाईन का?” दिव्यानीनं ताटली पुढं ढकलली. “जेवा म्हटलं ना.”

पोरीच्या आवाजात जरब होती. सुगंधाबाई जेवली. भाजीत तिखट जास्त होतं, तिच्या स्वतःच्या हातचं नव्हतं, पण चव होती. मायेनं तिचा ऊर भरून आला आणि त्याच वेळी भीतीही वाटली. पडवीतून दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा. “आज भाजी मस्त झाली,” संघपाल बोललेला ऐकू यायचा. सासूच्या घरात दबून वावरणारी दिव्यानी नव्या चुलीपाशी गुणगुणायला लागली होती. हिला ही चूल आवडायला लागली तर? मदत मिळून जाईल, आणि चूल? ती कोण फोडणार? सुगंधाबाईनं हा विचार कितीदा झटकला, तो परत परत येऊन बसायचा.

कमिटी आली ती बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. गुणवंतराव नाकापर्यंत दुपट्टा गुंडाळलेले, मागं ग्रामसेवक, नीलाबाई आणि बिरजू. सकाळपासून त्यांनी बऱ्याच चुली नापास केल्याची बातमी आधीच गल्लीत पोचली होती.

“वेगळे केव्हा निघाले?” गुणवंतरावांनी विचारलं.

“महिना होत आला,” संघपाल जमिनीकडं पाहत म्हणाला.

ते पडवीत गेले. नव्या चुलीनं सुगंधाबाईचं नाव राखलं. आतून काळीकुट्ट, कोर खापलेली, वैलावर वरणाचा गंज रटरटत होता. ग्रामसेवकानं वाकून पाहिलं, बिरजूनं मान डोलावली.

“ही तं चूल आहे, बाप्पा,” गुणवंतराव खूश होऊन म्हणाले. “सकाळपासून पहिली खरी चूल पाह्यली. चला बाई, आता तुमची दाखवा. मंग दोन्ही पास करून टाकू.”

तुमची! इतके दिवस नवीला जुनी करण्यात सगळं घर गुंतलं होतं. जुनीकडं कोणी पाहिलंच नव्हतं. तिनं स्वतःसुद्धा.

ती पुढं होऊन काही करणार, त्याआधी सगळे सैपाकघराच्या दारात पोचले होते. माणसांची चाहूल लागली तशी चुलीतून गुलाबची मांजर बाहेर आली. मूळची पांढरी, राखेनं करडी झालेली. तिनं अंग ताणलं, जांभई दिली आणि सगळ्यांच्या पायांमधून निघून गेली.

बिरजूला हसू फुटलं. ग्रामसेवकानं मास्क वर ओढला. बाकी कोणी हसलं नाही.

गुणवंतरावांनी उकिडवं बसून चुलीत हात घातला. “बाई, ही थंडी आहे.”

“आज नाई पेटवली…”

“आजची गोष्ट नाई राह्यली, बाई. मांजरीनं घर केलं इथी.” त्यांचा आवाज उतरला होता. त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं.

नीलाबाई मध्ये पडली. “अवो भाऊ, एकट्या बाईचं काय धरता? कालच तं मी सोता इथी चहा—”

सुगंधाबाईनं तिच्याकडं पाहिलं. नीलाबाईच्या कपाळावर घाम फुटला होता. सकाळपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही म्हणत आलेली बाई, आता मैत्रिणीसाठी सगळ्यांसमोर खोटं बोलायला निघाली होती. आणि दारापाशी गुलाब कान देऊन उभी.

“राहू दे, नीला,” सुगंधाबाई म्हणाली. “मी सुनेच्याच चुलीवर जेवतो.”

“साहेब, त्या मांगत नाईत!” दिव्यानी रडवेली होऊन बोलली. “मीच नेऊन देतो. मीच देतो रोज!”

त्या बिचारीला कळलंच नाही, की वाचवता वाचवता तिनं उरलंसुरलंही बुडवलं.

गुणवंतराव हातावरची राख झटकत उठले. मग म्हणाले, “मंग एकच चूल झाली, बाई. दुसऱ्यायची तोडून आलो, तुमची कशी सोडू? एक मदत भेटन. जे चूल पेटते, तिच्या नावानं. कोनाचं नाव टाकू, तुमीच सांगा.”

कागदावर आजवर या घराचं नाव म्हणजे नवरा होता तोवर नवऱ्याचं, आणि नंतर तिचं. सुगंधाबाईनं पदर सावरला. “दिव्यानी संघपाल निमगडे,” ती स्पष्ट आवाजात म्हणाली. “टाका.”

माणसं गेली. संघपाल पायरीवर डोकं धरून बसला. मालकाच्या पाया पडून गाडी मागतो म्हणाला, मग स्वतःच म्हणाला की तो देणार नाही. नदीपलीकडं जायची गाडी होती तेवढीच दूर राहिली. सुगंधाबाईला आता संघपाल-दिव्यानी वेगळे निघण्याची भीती उरली नव्हती, एवढं मात्र खरं. सून तिची होती. चूल तिची राहिली नव्हती.

संध्याकाळी पडवीत भात उतरला. “आई, जेवाले या,” दिव्यानीनं उघड हाक मारली. आता लपवायचं काही नव्हतं. सुगंधाबाई आपली ताटली घेऊन मधल्या दारातून बाहेर आली. या घरात नवरा, दोन पोरं, येणारेजाणारे, कोणी कुठं बसायचं आणि कोणाला आधी वाढायचं ते आयुष्यभर तिनं सांगितलं होतं. पडवीत चुलीच्या एका बाजूला सरपण होतं, दुसऱ्या बाजूला संघपाल बसला होता.

ती उंबऱ्याशीच थांबली.

“दिव्यानी,” तिनं विचारलं, “मी कुठी बसू व?”

दिव्यानीचा हात भातावरच राहिला. सुगंधाबाई ताटली घेऊन तशीच उभी राहिली.