हेडबाईंची खोली

स्टुलावर चढून पालीवाल्या बाईंनी भिंतीवरचं घड्याळ उचललं आणि त्याच्या मागे डोकावून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मग त्यांनी सूचनाफलक पुढे ओढून पाहिला, कपाटामागे टॉर्च मारला, खिडकीच्या चौकटीवर बोटांनी टकटक केलं. कुणी बाहेर आलं नाही. खोलीत ताज्या रंगाचा वास तेवढा भरून राहिला होता आणि भिंती इतक्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या, की त्यांच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागत होते. जुना पिवळट रंग गेला होता, कोपऱ्यातली जळमटं गेली होती आणि त्यांच्याबरोबर बाईंचं सगळं गणगोतही गेलं होतं.

गणगोत म्हणजे पाली. घरात दिसल्या की लोक झाडू घेऊन धावतात, त्या साध्यासुध्या, ट्यूबलाइटशेजारी दबा धरून बसणाऱ्या पाली. बाई त्यांचा अभ्यास करत. त्यामुळे विद्यापीठात शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्यांना पालीवाल्या बाई म्हणत, आणि त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. प्रत्येक पालीच्या पाठीवर बाईंनी रंगाचा एकेक ठिपका दिला होता आणि बाईंच्या लेकीने प्रत्येकीचं बारसं उरकलं होतं. लाल ठिपक्याची ती काकू, हिरव्या ठिपक्याचा तो जावईबापू. निळ्या ठिपक्याच्या पालीचं नाव हेडबाई, कारण ती ट्यूबलाइटजवळ दुसऱ्या कुणाला फिरकू देत नसे.

या हेडबाईंनीच बाईंना नादाला लावलं होतं. बाईंनी त्यांना डब्यात घालून मैदानापलीकडच्या ग्रंथालयात नेऊन सोडलं होतं, सहज, बघू या म्हणून. आठवडाभरात हेडबाई आपल्या जागी हजर. मधे मैदान, रस्ता आणि तीन मांजरं. कसं जमलं असेल? बाई तेव्हापासून याच एका प्रश्नाच्या मागे होत्या.

"कसं वाटतंय मग?"

दारात विभागप्रमुख उभे होते. चेहऱ्यावर वाढदिवसाचं गुपित फोडणाऱ्या माणसासारखं हसू. लेकीच्या तापामुळे बाई दोन दिवस घरी होत्या, तेवढ्यात सरांनी हा डाव साधला होता. रंगकामाची पाळी खरं तर त्यांच्या स्वतःच्या खोलीची होती. तिथल्या भिंतीचे पोपडे पडून आख्खा नकाशा तयार झाला होता. पण समितीसमोर मॅडमची खोली झकास दिसली पाहिजे, म्हणून सरांनी आपली पाळी सोडली होती आणि रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून काम करून घेतलं होतं. आता इतक्या मायेने केलेल्या गोष्टीवर माणसाने चिडायचं तरी कसं?

"छान वाटतंय सर," बाई स्टुलावरूनच म्हणाल्या. "फक्त पाली गेल्या."

"अहो, मग बरंच झालं की. समिती यायच्या वेळी कुठे त्या..."

सर तिथेच थांबले. आपण काय बोललो ते त्यांना आपल्याच कानांनी ऐकू आलं. ते हळूच आत आले, बाई उतरल्या तेव्हा रिकाम्या झालेल्या स्टुलावर बसले आणि चष्मा काढून पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले.

समिती होती सरकारी संशोधन निधीची. तिने मान डोलावली तर आणखी तीन वर्षं काम चालणार होतं. नाही डोलावली तर महिनाअखेरीस प्रकल्प बंद, खोली परत, आणि बाईसुद्धा घरी, कारण त्यांची नोकरी निधीच्या शेपटाला बांधलेली होती. खोलीत पुढे कोण येणार हेही ठरून गेलं होतं. झेरॉक्सचं नवं मोठं मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळून दाराबाहेरच्या भिंतीशी उभं होतं. जुना भाडेकरू कधी निघतोय याची वाट बघणाऱ्या नव्या भाडेकरूसारखं बाईंना ते रोज दिसायचं, आणि बाई रोज त्याच्याकडे न बघता आत जायच्या.

सकाळी घरी रंगीत तालीम झाली होती. अंगात कसर असूनही लेक पांघरूण खांद्यावर घेऊन, आजोबांचा चष्मा नाकावर ठेवून समिती झाली होती. बाईंनी सगळं सांगितलं. पाली डास खातात, डास कमी झाले की रोगराई कमी होते, म्हणजे या अभ्यासाचा समाजाला केवढा फायदा. हा भाग सरांच्या सल्ल्याने घातलेला होता. अर्जात 'उपयोग' असा एक रकाना असतो, आणि तो रिकामा ठेवला तर अर्ज दारातूनच परत येतो, असं सरांचं म्हणणं. पाली डास खातात हे खोटं नव्हतंच. पण हेडबाई मैदान ओलांडून घरी का आल्या, याचा डासांशी काडीचा संबंध नव्हता.

समितीने चष्म्यावरून आईकडे पाहिलं.

"आई, तू ना, गाइडसारखी बोलतेयस. प्रश्नाच्या आधीच उत्तर."

"मग कशी बोलू?"

"हेडबाई परत आल्या त्या दिवशी फोनवर बोलत होतीस ना, तशी."

त्या दिवशी आपण नुसत्या 'अगं' आणि 'कसं काय' एवढंच बोलत होतो, हे बाईंना आठवलं. 'अगं कसं काय' या विषयावर सरकार निधी देत नाही, असं म्हणून त्यांनी लेकीला औषध पाजलं आणि त्या निघाल्या.

समिती दुपारी येणार होती. ती आली दिवेलागणीला. आधीच्या विभागांनी चहावर चहा पाजून तिला अडवून ठेवलं होतं. तिघं होते. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राध्यापिका, केस पांढरे आणि डोळे टवटवीत. दुसरे एक सदस्य, जे कागदांपेक्षा बिस्किटांत जास्त रमलेले. आणि तिसरे वित्त विभागाचे साहेब, ज्यांनी खुर्चीत बसायच्या आधी मनगटावरचं घड्याळ बघितलं. खाली गाडी लावून ड्रायव्हर उभा होता आणि स्टेशनवर आगगाडी कुणासाठी थांबत नाही.

आधी त्यांना खोली दाखवायची होती. तिघं दारातूनच डोकावले. पांढऱ्या भिंती, कोरं छत.

"अगदी स्वच्छ ठेवलीय हो," बिस्किटवाले म्हणाले.

सरांनी खाली मान घातली. बाईंनी कसंनुसं हसून सगळ्यांना बोळाच्या दुसऱ्या टोकाच्या बैठकीच्या खोलीत नेलं. दिवे मालवले, पडद्यावर पहिलं चित्र उमटलं आणि बाई बोलायला लागल्या. डास, रोगराई, समाज. आलेखाचे निळे स्तंभ, पिवळे स्तंभ. त्यांना आपलाच आवाज कंटाळवाणा वाटत होता. आगगाडी सुटल्यावर फलाटावरची घोषणा चालू राहावी तसा.

वित्तवाल्या साहेबांनी हात वर केला. आवाज शांत होता.

"मॅडम, राग मानू नका. हा लोकांच्या करातून आलेला पैसा आहे. मला शेजारीपाजारी विचारतात, तुम्ही तो कुठे घालता म्हणून. तुम्ही अर्जात लिहिलंय, अभ्यासाअंती अमुक सिद्ध होईल, तमुक सिद्ध होईल. सगळं आधीच माहीत आहे. मग शोधायचं काय राहिलं?"

सरांनी पुढ्यातली पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. साध्या माणसाने विचारावा असा साधा प्रश्न होता, आणि बरोबर वर्मावर बसला होता. या प्रश्नासाठीही बाईंनी एक उत्तर पाठ करून ठेवलं होतं. 'दूरगामी' या शब्दाने ते सुरू व्हायचं. तो शब्द त्यांच्या जिभेपर्यंत आलाही. पण मग त्यांनी हातातला रिमोट टेबलावर ठेवला.

"खरं सांगू का साहेब," त्या म्हणाल्या, "मला काहीच माहीत नाही. अर्जात जे लिहिलंय ते लिहावं लागतं म्हणून लिहिलंय. मला एकच गोष्ट कळत नाहीये. माझी एक पाल मैदान ओलांडून घरी कशी आली? रात्री झोपताना मी तोच विचार करते, सकाळी उठल्यावर तोच करते. डासांचं म्हणाल तर पाली डास खातात, बस्स. तिने मैदान ओलांडलं ते काही डासांसाठी नाही."

आता संपलं, असं सरांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. बाईंना मात्र दिवसभरात पहिल्यांदा श्वास नीट आल्यासारखा वाटला. साहेब कागदावर काहीतरी लिहायला वाकले, आणि वाकले तसेच राहिले. त्यांचे डोळे पडद्याकडे लागले होते. मग त्यांनी अगदी सावकाश दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

पडद्यावरच्या पिवळ्या स्तंभाच्या टोकाशी एक पाल बसली होती. उजेडाला चिलटं जमली होती, त्यांच्यावर तिचा डोळा. तिने एक चिलट मटकावलं, मान वळवली आणि पाठीवरचा निळा ठिपका उजेडात आला.

"हेडबाई," बाई पुटपुटल्या.

अध्यक्षबाईंनी दाराकडे पाहिलं. कोणी आलंय असं त्यांना वाटलं. सर दिवा लावायला उठले, बटण दाबलं, आणि लखकन उजेड पडताच हेडबाई पडदा सोडून भिंतीवर सरसर चढल्या आणि दारावरच्या झरोक्यातून पसार झाल्या.

"दिवा बंद करा," बाई म्हणाल्या. आपण कुणाला म्हणतोय, कोणत्या आवाजात म्हणतोय, याचं त्यांना भान राहिलं नव्हतं. त्यांनी टेबलावरचा टॉर्च घेतला, काचेवर रुमाल धरला आणि त्या बोळात गेल्या. समिती मागे बसली आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

हेडबाई बोळाच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, थांबत थांबत चालल्या होत्या. चार पावलं पळायचं, थांबायचं, मान वर करायची. बाई त्यांच्या गतीने खालून चालत होत्या. मागे चपलांची चाहूल लागली तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. अध्यक्षबाई साडीच्या निऱ्या मुठीत धरून चवड्यांवर येत होत्या. त्यांच्यामागे सर, त्यांच्यामागे बिस्किटवाले, आणि सगळ्यांत मागे, पालीच्या समोरच्या भिंतीला पाठ घासत, वित्तवाले साहेब.

"कुठे निघालीय?" अध्यक्षबाईंनी कुजबुजत विचारलं.

"घरी, असं वाटतंय."

बाईंनी कुजबुजतच सगळी कुंडली सांगितली. ग्रंथालय, मैदान, मांजरं, ठिपका, आणि कालचा रंग. रंगाचा विषय निघाला तशी सरांनी अंधारात खाकरून घेतलं. बोलता बोलता बाई मधेच थांबल्या.

"आजवर मी पालीला हलवत आले," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "घर कधी हलवलं नव्हतं. जागा तीच आहे, पण वास गेला, रंग गेला. ती नेमकं काय ओळखते, ते मी कधी असं विचारलंच नव्हतं. सर, तुम्ही भिंत रंगवून ते विचारलंत."

"मी?" सर म्हणाले, आणि त्यांना ताठ उभं राहायला जागा मिळाल्यासारखं झालं.

हेडबाई खोलीच्या दाराशी पोचल्या. चौकटीचं लाकूड जुनंच होतं, कारण रंगाऱ्याला तिथवर यायला वेळ मिळाला नव्हता. त्यावरून त्या आतल्या कडेपर्यंत गेल्या. पुढे पांढरा रंग सुरू होत होता. त्या थबकल्या. जीभ बाहेर काढून त्यांनी रंगाची कड चाटली. पुन्हा चाटली. मग दगडासारख्या स्तब्ध बसल्या.

मंडळी बोळात जागा मिळेल तशी उभी राहिली. बिस्किटवाले झेरॉक्स मशीनच्या प्लास्टिकवर टेकले. अध्यक्षबाई खाली फरशीवरच बसल्या, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून, चाळीस वर्षांपूर्वी बसत असतील तशा. बाईंनी टॉर्च हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला. वित्तवाले साहेब आधी लांब होते. मग एक पाऊल पुढे आले. मग आणखी एक. शेवटी ते बाईंच्या खांद्याशी उभे होते आणि मान वर करून चौकटीकडे बघत होते.

"जाईल का आत?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "तिच्या जागी दुसरी असती, तर?"

"तेही माहीत नाही."

जिना चढून कुणीतरी धापा टाकत वर आलं. ड्रायव्हर होता. अंधाऱ्या बोळात पाच मोठी माणसं एका दाराकडे टक लावून राहिलेली बघून तो जरा बिचकला.

"साहेब, निघायला हवं. गाडी चुकेल."

साहेबांनी मागे न बघता हात वर केला, थांब म्हणून. तो हात त्यांनी तसाच हवेत ठेवला. ड्रायव्हरने सगळे बघत होते तिकडे पाहिलं, आणि मग तोही चपला न वाजवता दोन पावलं पुढे सरकला.

"पुढची असेल की एखादी," साहेब पुटपुटले.

चौकटीवर हेडबाईंनी पुढचा एक पाय उचलला होता.